सफरचंदाची विरळणी आणि आईची सहावी ओळ



आज सकाळी चहा घेताना आईनं विरळणीची कात्री मागितली. द्राक्षाच्या थिनिंगची, लहान पात्याची. मी विचारलं, "कशाला?" ती म्हणाली, "सहाव्या ओळीत जाते जरा."

ज्यांना आमची सहावी ओळ माहीत आहे, त्यांना यातलं कळेल. बाकीच्यांसाठी पहिल्यापासून लिहितो. मोठं होईल, पण सफरचंद लावलेल्यांनी आणि लावायच्या विचारात असलेल्यांनी पूर्ण वाचा. माझी दोन वर्षं ज्यात गेली, त्यात तुमची जाऊ नयेत.

आमचं रान निफाड तालुक्यात. पावणेदोन एकर थॉमसन, बाकी कांदा, गहू. २०१९ च्या जानेवारीत विहिरीजवळच्या १० गुंठ्यांत सफरचंदाची ६० झाडं लावली. १५ बाय १२ वर, दहा-दहा झाडांच्या सहा ओळी. जात एचआरएमएन-९९. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी स्वतःच्या शेतात निवडून तयार केलेली. कमी थंडीत आणि कडक उन्हातही फळ देणारी म्हणून देशभर गेली. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. निफाडची थंडी तुम्हाला माहीत आहे. द्राक्षाला ती छळते, मण्याला तडे जातात. म्हटलं, जी थंडी द्राक्षाचं नुकसान करते, ती कुणाच्या तरी कामाला येऊ दे.

गावात हसले लोक. "निफाडात सफरचंद!" आई मात्र हसली नाही. दिवसाआड पाणी, खोडाला बोर्डो पेस्ट, शेळ्या हाकलणं, हे सगळं तिनंच केलं. २०२१ ला पहिली मोजकी फळं आली. पहिलं फळ देवापुढं, दुसरं शेजारच्या काकूला. त्याच काकू जास्त हसल्या होत्या.

२०२२ : झाड लगडलं

डिसेंबरअखेर पानं काढली, हलकी छाटणी घेतली. जानेवारीच्या शेवटी कळी फुटली आणि फेब्रुवारीभर फुलत राहिली. सफरचंदाला एका डोळ्यातून पाच-सहा फुलांचा गुच्छ येतो. आमच्याकडं थंडी थोडकी, त्यामुळं सगळी फुलं एकदम येत नाहीत, मागंपुढं येतात. मार्चच्या पहिल्या आठवड्यात बघावं तर एकेका गुच्छात तीन-तीन, चार-चार फळं. बोराएवढी.

हिमाचलमधल्या एका बागायतदाराशी फोनवर बोलणं व्हायचं. फोटो बघून त्यांनी सांगितलं, "भाई, आधे से ज़्यादा तोड़ दो." मी आईला सांगितलं.

इथं आईबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या आईनं बावीस वर्षं दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत थिनिंग केलं आहे. आमच्याकडं द्राक्ष यायच्या आधीपासून. मांडवाखाली मान वर करून दिवसभर. घडातल्या कुठल्या पाकळ्या ठेवायच्या, कुठला मणी काढायचा, हे तिला बघावं लागत नाही, बोटांनाच कळतं. टोळीतल्या नव्या पोरींना तीच शिकवायची. "जीव लावू नका मण्याला, घड बघा," हे तिचंच वाक्य.

ती बाई सफरचंदाच्या झाडाखाली उभी राहिली, एका गुच्छाला हात लावला आणि म्हणाली, "मला नाही जमायचं."

मी म्हणालो, "अगं, तुझं आयुष्य गेलं यात."

ती म्हणाली, "ते लोकांचं होतं. लोकांचं तोडताना हात नाही थांबत. हे आपल्या घरी पहिल्यांदा आलंय."

मी पण जोर नाही केला. खरं सांगू का, मलाही जमलं नसतं. वर द्राक्षाची काढणी सुरू होती. मार्चमध्ये निफाडात कुणाला सफरचंदाकडं बघायला वेळ असतो? राहू दे म्हटलं. झाडानं दिलंय, तर झाड पोसेल.

पोसलं नाही. मेमध्ये वळवाच्या वाऱ्यात तिसऱ्या ओळीतल्या पाचव्या झाडाची मुख्य फांदी खांद्यातून फाटली, सालीसकट. आई सकाळी फाटलेल्या फांदीवरची फळं मोजत बसली होती. एकशे बारा. बाकी झाडांना बांबूचे टेकू दिले. माल निघाला भरपूर, पण किलोत तेरा-चौदा बसणारा. व्यापाऱ्यानं एक फळ हातात घेतलं, बोर आहे का विचारलं. सरासरी ४० रुपयांनी गेला. तरी घरात आनंद होता. पहिलंच वर्ष, पुढच्या वर्षी मोठं होईल असं वाटलं.

२०२३ : फुलंच नाहीत

पुढच्या वर्षी फुलंच आली नाहीत. पालवी जोमदार, पानं हिरवीगार, पण कळी शोधावी लागत होती. साठ झाडांत मिळून चार-पाच क्रेट माल. आई म्हणाली, "झाडं रुसली." मी थंडीला दोष दिला, छाटणीला दिला, खताला दिला. एका जणानं सांगितलं, सगळं उपटून पेरू लाव. मी जवळपास तयार झालो होतो. आईला सांगितलंही. ती काही बोलली नाही, पण त्या दिवशी जेवली नाही नीट.

मग एक गोष्ट दिसली. पहिल्या ओळीतल्या बांधालगतच्या चार झाडांना खालच्या फांद्यांवर फुलं होती. चांगली गच्च. त्याच झाडांच्या वरच्या फांद्या कोऱ्या. एकाच झाडाला कमरेखाली फुलं आणि डोक्यावर काही नाही! पाणी तेच, खत तेच, थंडी तीच.

दोन दिवस कोडं सुटेना. सोडवलं पुतण्यानं. मागच्या मार्चमध्ये, तेव्हा तो सात वर्षांचा, त्यानं आणि त्याच्या दोस्तांनी त्या झाडांची हाताला येतील तेवढी हिरवी फळं तोडून गोट्या खेळल्या होत्या. आईनं त्याला धपाटा घातला होता. मला आठवलं. आईलाही आठवलं. ती नुसती त्या फांद्यांकडं बघत राहिली.

पोरानं विरळणी केली होती. जिथं त्याचा हात पोचला, तिथपर्यंत झाडाला पुढच्या वर्षीची कळी धरता आली.

असं का होतं

हे मला आमच्या तालुक्यातल्या एका निवृत्त कृषी सहायकांनी समजावलं. द्राक्षवाल्यांना चटकन कळेल अशा भाषेत लिहितो.

आपण एप्रिल छाटणीनंतर सीसीसी का वापरतो? काडीतलं जीए दाबायला. त्या काळात जीए जास्त राहिलं, तर डोळ्यात घड तयार व्हायच्या जागी बाळी तयार होते. हे आपल्याला पाठ आहे.

सफरचंदात हेच जीए फळातून येतं. वाढत्या फळाच्या कोवळ्या बियांत ते तयार होतं आणि शेजारच्या डोळ्यापर्यंत पोचतं. पुढच्या वर्षीची फुलकळी त्याच काळात, म्हणजे यंदाचं फळ लहान असतानाच, आखूड गाठाळ काड्यांवर ठरत असते. काडीवर फळांची गर्दी, म्हणजे बियांची गर्दी. डोळ्याला निरोप जातो, यंदा फूल नको. त्यात पानांनी बनवलेलं सगळं अन्न फळं ओढून घेतात. मग झाड एक वर्ष लगडतं, एक वर्ष मोकळं जातं. आंब्यातही आपण हे एकाआड एक वर्ष बघतोच.

म्हणून विरळणी लवकर हवी. फुलोऱ्यानंतर महिना-सव्वा महिन्याच्या आत. उशिरा केली तर फांदी वाचते, थोडा आकार मिळतो, पण पुढच्या वर्षीचं फूल गेलेलं असतं. आकाराचंही तसंच आहे. फळातल्या पेशी संख्येनं वाढतात त्या पहिल्या महिना-दीड महिन्यातच, नंतर त्या नुसत्या फुगतात. पेशीच कमी असतील तर मे महिन्यात कितीही पाणी आणि पोटॅश द्या, बोर ते बोरच.

त्या हिमाचलच्या बागायतदारांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, त्या आखूड गाठाळ काडीला आमच्याकडं बीमा म्हणतात. मी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "बरोबरच आहे की. पुढच्या सालाचा विमाच तो. आणि आपण हप्ता बुडवला."

२०२४ : पाच ओळी माझ्या, एक आईची

२०२४ ला झाडं पुन्हा लगडली. यावेळी मी ठरवलंच होतं. फेब्रुवारीच्या शेवटी कात्री घेऊन उतरलो. आई बांधावर. पहिल्या झाडाखाली हिरव्या फळांचा सडा पडला, तशी ती उठून घरात गेली. थोड्या वेळानं घमेलं घेऊन आली आणि खाली पडलेली फळं वेचायला लागली. एकही मातीत राहू दिलं नाही. त्यातल्या थोड्या फळांचं तिनं लोणचं घातलं. तुरट झालं, कुणी खाल्लं नाही. बाकी शेळ्यांना.

सहाव्या ओळीपाशी आलो तेव्हा ती आडवी झाली. "ही ओळ राहू दे. माझ्या नावची समज."

मी राहू दिली. कशाला खोटं बोलू, मला पण मनातून एक ओळ तशीच सोडून बघायची होती. कुणी लिहिलंय म्हणून मानणं वेगळं आणि आपल्या रानात, आपल्या वजनकाट्यावर बघणं वेगळं.

पाचवी आणि सहावी ओळ शेजारी शेजारी. दहा-दहा झाडं. पाणी, खत, फवारणी सारखी. दोन्ही ओळींचा माल वेगळा मोजला.

२०२४ :
पाचवी ओळ (विरळलेली) : १३१ किलो. किलोत ७ ते ८ फळं. सरासरी ९० रुपये.
सहावी ओळ (न विरळलेली) : १६८ किलो. किलोत १३ फळं. सरासरी ४० रुपये.

वजन बघून आई खूश. "बघ, माझी ओळ जड." मी गप्प बसलो. पैसे तिनं मोजले नाहीत, मी मोजले. पाचवीचे ११,७९०, सहावीचे ६,७२०.

२०२५ :
पाचवी ओळ (याही वर्षी विरळली) : १३८ किलो. भाव तेवढाच.
सहावी ओळ : ३४ किलो. फळ मोठं, पण होतंच किती!

दोन वर्षांची बेरीज केली तर पाचवीचे २४,२१० आणि सहावीचे ९,७८०. वजनातसुद्धा सहावी मागं पडली, २०२ किलो विरुद्ध २६९. विरळणीला एका ओळीला दोन माणसांचा दीड दिवस लागतो. म्हणजे तीन मजुऱ्या. तुमच्या गावच्या दरानं हिशेब घाला.

हे दहा-दहा झाडांचं आहे, माझ्या काळ्या जमिनीतलं. याला प्रयोगशाळेचा शिक्का नाही. तुमच्या रानात आकडे वेगळे येतील. पण एक ओळ सोडून स्वतः बघा, एवढंच म्हणणं आहे.

मी कशी करतो

१. फुलगळ आणि पहिली नैसर्गिक फळगळ होऊ द्या. जे झाड स्वतः टाकणार, ते आपण कशाला तोडायचं? फळ वाटाण्यापेक्षा मोठं, बोराएवढं झालं की सुरू करा. फुलोरा मागंपुढं असतो, त्यामुळं एका फेरीत होत नाही. मी आठ-दहा दिवसांच्या अंतरानं दोन फेऱ्या घेतो.

२. एका गुच्छात एकच फळ. शक्यतो मधलं. मधलं फूल सगळ्यात आधी उमलतं, त्याचं फळ थोराड असतं, देठ जाड आणि आखूड. पण मधलं किडलेलं, वाकडं असेल तर त्याचा मान ठेवू नका, बाजूचं चांगलं ठेवा.

३. दोन फळांत वीतभर अंतर. बारीक, लोंबत्या काडीवर फळच नको. एका फळाला निदान तीस-चाळीस पानं मिळाली पाहिजेत. पहिल्या दिवशी दोन-चार फांद्यांवर पानं मोजा, नंतर नजर बसते.

४. ओढून तोडू नका. ओढलं की फळाबरोबर गाठाळ काडी येते, म्हणजे पुढची सगळी वर्षं येतात. देठ कात्रीनं कापा. किंवा काडी एका हातानं धरून दुसऱ्या हातानं फळ पिरगाळा.

५. आपल्याकडं मेचं ऊन आहे. हिमाचलचं बघून आपण तसंच करायचं नाही. दक्षिण-पश्चिमेच्या उघड्या फळाला चट्टा पडतो. दोन सारखी फळं असतील तर पानाच्या सावलीतलं ठेवा, उघडं काढा.

६. एकमेकांना चिकटलेली जोडी ठेवू नका. त्या फटीत अळी आणि मिलीबग बसतो, तिथं फवारा पोचत नाही.

७. मोठ्या बागांत संजीवकं फवारून विरळणी करतात. मी त्या वाटेला गेलो नाही. आमचा फुलोरा तीन-चार आठवडे चालतो. एका फवाऱ्यात काही फळं बोराएवढी, काही अजून फुलात. कुणाला काय लागेल सांगता येत नाही. दहा गुंठ्याला हात पुरतात.

८. काढलेली फळं झाडाखाली ठेवू नका. ते काम आमच्याकडं आपोआप होतं, घमेलं तयार असतं.

आज

यंदा सहावी ओळ पुन्हा लगडली आहे. ठरल्याप्रमाणं. मोकळं साल गेलं, आता भरलेलं. मी पाच ओळी उरकल्या आणि सहावीला हात लावला नाही. ती ओळ आईची. गेल्या वर्षी हिशेब सांगितला तेव्हा ती, "असं होय," एवढंच म्हणाली होती. मी दुसऱ्यांदा सांगितला नाही. आईला आकडे दोनदा सांगायचे नसतात.

दहाच्या सुमारास रानात गेलो, तर ती दुसऱ्या झाडावर होती. पहिलं झाड झालेलं. मी जाऊन बघितलं. मंडळी, माझी पाच ओळींची विरळणी त्या एका झाडापुढं फिकी. प्रत्येक फळ पानाआड, प्रत्येक अंतर मोजून ठेवल्यासारखं. तिनं वीत लावली नसणार. बावीस वर्षांची बोटं ती.

दुसऱ्या झाडावर हात मात्र हळू होता. गुच्छ धरायची, थांबायची, मग कात्री. द्राक्षात मी तिला असं थांबताना कधी बघितलं नाही.

मी म्हणालो, "मी करतो उरलेली."

"नको. तू जास्त तोडतोस."

मग थोड्या वेळानं, वर न बघता म्हणाली, "लोकांच्या बागेत मालक बांधावर उभे राहायचे ना, आम्ही मणी तोडताना. तोंड पाडून. आम्ही हसायचो त्यांना. म्हणायचो, एवढं काय त्यात."

पुढं काही बोलली नाही. मीही घमेलं उचललं आणि वेचायला लागलो.

दुपारी जेवायला आलो तेव्हा साडेतीन झाडं झाली होती. एक फांदी तिनं तशीच ठेवली आहे, पहिल्या झाडाची, विहिरीकडची. विचारलं तर म्हणाली, "ती पुतण्यासाठी. गोट्या खेळायला." पोरगं आता अकरा वर्षांचं आहे, मोबाइलवर खेळतं. पण मी काही बोललो नाही. एका फांदीनं काय होतंय! आणि पुढच्या वर्षी ती फांदी कोरी राहिली, तर बघायला येणाऱ्यांना दाखवायला बरी.

ज्यांनी जानेवारीत छाटणी घेतली त्यांची फळं आता बोराएवढी असतील. द्राक्षाच्या काढणीतून दोन दिवस काढा. हा आठवडा गेला की फळ मोठं होईल, पण पुढचं साल हातातून जाईल.

सहाव्या ओळीचा यंदाचा आणि पुढच्या वर्षीचा आकडा इथंच टाकीन. तुमच्याकडं कुणी ओळ सोडून बघितली असेल, तर वजनासकट सांगा. चांगलं आलं तरी सांगा, फसलं तरी सांगा.